हर्बल आहे, मॅडम!

२६ जून हा जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. त्या दिवशी आमच्या कॉलेजच्या सभागृहात शपथविधी असतो. मुलं उजवा हात पुढे करून 'मी कोणत्याही अमली पदार्थाचे सेवन करणार नाही' असं एका सुरात म्हणतात, पाहुणे म्हणून आलेले पोलीस अधिकारी कायद्याची कलमं वाचून दाखवतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात आणि ते फोटो 'नॅक'च्या फायलीत जाऊन बसतात. मी पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवते आहे. शपथेसाठी पुढे झालेल्या हातांपैकी काही हात त्याच संध्याकाळी मागच्या टेकडीवर जॉइंट वळत असतात, हे मला ठाऊक आहे. वॉचमनला ठाऊक आहे. रोलिंग पेपर विकणाऱ्या टपरीवाल्याला तर तारीखवार ठाऊक आहे. फक्त संस्थेला अधिकृतरीत्या ठाऊक नाही.

मला भांडायचंय ते मुलांशी आणि संस्थेशी, दोघांशीही. आणि थोडं स्वतःशी. का, ते आधी सांगते.

चार वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या खोलीत गांजाची पुडी सापडली. मराठवाड्यातल्या एका लहान गावचा मुलगा. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, इंटिग्रलचं उत्तर माझ्या आधी काढायचा. शिस्तपालन समितीसमोर आला तेव्हा दाढी वाढलेली, अंगातला शर्ट चार दिवसांचा. "काय आहे हे?" असं विचारल्यावर हसला आणि म्हणाला, "हर्बल आहे, मॅडम." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "खोलीतल्या पंख्यातून आमचं बोलणं खाली ऑफिसात ऐकू येतं ना?" एक सहकारी म्हणाले, नाटकं करतोय. वीस मिनिटांत निर्णय झाला : हॉस्टेलमधून हकालपट्टी, एका सत्रासाठी निलंबन, पालकांकडून हमीपत्र. ठरावावर पाच सह्या आहेत. तिसरी माझी.

आठ महिन्यांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. मुलगा मनोरुग्ण विभागात दाखल होता. रागावले नव्हते ते. एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमच्यासमोर बसला होता तेव्हाच कुणी सांगितलं असतं, पोराला डॉक्टरकडं न्या, तर आम्ही नेलं असतं हो."

त्याचा आजार गांजामुळेच झाला, असं मी म्हणणार नाही. ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पंख्यातून आवाज जातो असं सांगणारा मुलगा समोर बसलेला असताना पाच शिकल्यासवरलेल्या माणसांना फक्त पुडी दिसली, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते.

आता पहिलं खोटं. ते मुलांचं. 'नैसर्गिक आहे, झाड आहे, शंकराचा प्रसाद आहे, दारूपेक्षा बरं.' अरे बाळांनो, धोतराही नैसर्गिकच आहे आणि तोही शंकराला वाहतात. खाऊन बघता का? प्रसादाचं म्हणाल, तर शिवरात्रीची भांग पानांची असते. १९८५च्या एनडीपीएस कायद्यानंसुद्धा नुसती पानं व्याख्येतून वगळली आहेत आणि बंदी घातली आहे ती चरसावर आणि फुलोऱ्याच्या शेंड्यांवर, म्हणजे गांजावर. कारण नशा आणणारं टीएचसी नावाचं द्रव्य साठतं ते मुख्यतः त्या चिकट शेंड्यांत. शिवाय झाड तेच राहिलं, तरी माल तो राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातलं टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. आपल्याकडच्या पुडीवर तर लेबलही नसतं. बिअरच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. तुमच्या 'हायड्रो'त किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि त्यात निम्मी सिगारेटची तंबाखू मिसळून ओढता, म्हणजे 'मी तंबाखूला शिवत नाही' हेही खोटंच.

मेंदूत टीएचसीला चिकटायला जागा का असते, हाही प्रश्न विचारायला हवा. असते, कारण शरीर स्वतःच तसं एक द्रव्य तयार करतं. १९९२ साली ते सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांनी आपल्या संस्कृत 'आनंद'वरून त्याचं नाव 'आनंदामाइड' ठेवलं. शरीर हा आनंद चिमटीनं वापरतं आणि लगेच आवरून घेतं. झुरका घेतला की तीच यंत्रणा तासन्‌तास दाबून धरली जाते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मेंदूत नियोजन आणि संयम यांची जोडणी अजून चालू असते. पंचविशीच्या आसपासपर्यंत ती चालते. काँक्रीट ओलं असताना त्यावरून ट्रक नेऊ नये, हे सिव्हिलच्या मुलांना तरी सांगायला नको.

आकडे मागाल, तर देते. स्वीडनमध्ये सुमारे ४५,००० सैन्यभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. १९८७ साली निष्कर्ष छापून आले : भरतीपूर्वी ५० हून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा अभ्यास आला : रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता तिपटीच्या आसपास, कडक माल रोज ओढणाऱ्यांत पाचपटीच्या आसपास. गणिताची शिक्षिका म्हणून मीच तुमच्या वतीनं हरकत घेते : सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. कदाचित आधीच अस्वस्थ असलेली मुलं गांजाकडे वळत असतील. मान्य. आणि स्किझोफ्रेनिया मुळात शंभरात एखाद्याला होतो, तेव्हा ओढणाऱ्या बहुतेकांना तो होणार नाही, हेही मान्य. पण ज्यांच्या घरात मामाला, आजीला, थोरल्या भावाला असा आजार होता, त्यांच्यासाठी हा जुगार वेगळा आहे. आपल्या घरांत हे आजार 'डोक्यावर परिणाम झाला होता' एवढ्या एका वाक्यात पुरले जातात. मुलाला आपल्या हातातली पानंच ठाऊक नसतात आणि तो डाव लावून बसतो.

आणि वेड लागलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं कुणी सांगितलं? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त शहरानं २०११ साली गांजा विकणाऱ्या कॉफीशॉपांत परदेशी लोकांना बंदी केली. डच, जर्मन आणि बेल्जियन तेवढे वगळले. म्हणजे एकाच विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांचा गांजा बंद झाला, शेजारच्या बाकावरच्यांचा चालू राहिला. दोन अर्थतज्ज्ञांनी गुण तपासले. ज्यांचा बंद झाला त्यांचे गुण वाढले, पास होण्याचं प्रमाण वाढलं आणि सर्वांत जास्त फरक पडला तो आकडेमोडीच्या विषयांत. हे मला अभ्यास न वाचताही माझ्या वर्गात दिसतं. मूल नापास होत नाही, विझतं. आधी सकाळचं लेक्चर सुटतं, मग प्रॅक्टिकल, मग एटीकेटी, मग 'मला इंजिनिअरिंगच करायचं नव्हतं'. मैदानात गोंधळ घालणाऱ्या दारुड्याला आम्ही लगेच पकडतो. शांतपणे विझणारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यामुळे तो कुणालाच दिसत नाही.

आता दुसरं खोटं. हे आपलं, मोठ्यांचं, आणि माझ्या मते जास्त घातक. 'एक झुरका घेतला की आयुष्याची राखरांगोळी.' ब्रिटिश सरकारनं १८९३-९४ साली याच प्रश्नावर आयोग नेमला होता. हजाराहून अधिक साक्षी आणि सात खंड झाल्यावर त्यानं निष्कर्ष काढला, की बेताचं सेवन सहसा अपायकारक नसतं, अतिरेक असतो आणि सरसकट बंदी नको. १२५ वर्षांनी, २०१९ साली, एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण आलं. त्यात देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी निघाले. त्यांतले बहुसंख्य व्यसनी नाहीत. मग वार्षिक स्नेहसंमेलनानंतर रिसॉर्टवर ग्लास हातात धरून 'आजकालची ड्रगिस्ट पिढी' या विषयावर बोलणाऱ्या विश्वस्तांचं मुलांनी का ऐकावं?

ते ऐकत नाहीतच. पहिल्या वर्षाच्या मुलाला आपण सांगतो, 'एका झुरक्यात संपशील'. महिन्याभरात तो झुरका घेतो, संपत नाही. समोरच्या खोलीतला ओढणारा सिनिअर तर कॅम्पसमधून नोकरी मिळवून बंगळुरूला जातो. मुलगा सरळ निष्कर्ष काढतो : हे लोक खोटं बोलतात. मग आपण खरं बोललो तरी तेही खोटंच ठरतं. २०२४च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी इथून दीड-दोन तासांवरच्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एमडीचा साठा पकडला. एमडी म्हणजे गांजा नव्हे, वेगळंच जनावर आहे ते. पण गांजाच्या वेळी 'लांडगा आला रे' ओरडून घसा बसवल्यावर खऱ्या लांडग्याच्या वेळी आपल्याकडे आवाज उरतो कुठे?

यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे आपली कॉलेजं कायद्याहूनही निर्दय आहेत. एनडीपीएस हा काही मवाळ कायदा नाही. नुसतं गांजाचं सेवन केल्याबद्दलही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे : अल्प प्रमाणात पदार्थ सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल आणि पूर्ण करेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. संसदेला हे सुचलं. आमच्या नियमावलीत मात्र उपचार हा शब्दच नाही. परिणाम काय होतो? रात्री दोनला खोलीत एखादा मुलगा घाबरून थरथरत असतो, बरळत असतो, आणि मित्र त्याला डॉक्टरकडे नेत नाहीत. नेलं तर सगळेच समितीसमोर. ते त्याला लिंबू पाजतात, दार लावतात आणि सकाळ होण्याची वाट बघतात. 'नशामुक्त परिसर' अशी पाटी आम्ही लावली आहे. तिचा खरा अर्थ 'कळवू नका' असा आहे.

'म्हणजे मोकळीक द्यायची का?' हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये रोज विचारला जातो. नाही. हॉस्टेलमध्ये माल विकणाऱ्याबद्दल मला काडीची दयामाया नाही. आणि कायदेशीर करा म्हणणाऱ्या मित्रांनाही एक आठवण : ज्यांनी ते केलं, त्यांनीसुद्धा तुमच्या वयाकडे बोट दाखवलंच आहे. कॅनडानं २०१८ साली परवानगी दिली आणि क्वेबेकनं पुढे वयोमर्यादा २१वर नेली. जर्मनीनं २०२४ साली सभासदांच्या क्लबांना मुभा दिली, पण २१च्या आतल्यांना माल कमी आणि टीएचसी १० टक्क्यांच्या आत. मुभा देणाऱ्यांनाही कळतं, की विशीतला मेंदू वेगळा असतो.

मला हवंय ते फार नाही. मित्राला घेऊन येणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे लेखी द्या. पुडी सापडली तर आधी समुपदेशक, मग समिती. समुपदेशक म्हणजे खरा, शिकलेला, पगारी. फिजिक्सच्या सरांच्या गळ्यात 'मेंटॉर'ची पाटी अडकवून चालणार नाही. आणि पहिल्याच आठवड्यात मुलांना खरं सांगा : बहुतेकांना वेड लागणार नाही, पण रोजची सवय तुमचं गणित खाईल. घरात मानसिक आजार असेल तर हात लावू नका. आवाज ऐकू यायला लागले, संशय यायला लागला, तर त्याच दिवशी सांगा, तुम्हाला कुणी हाकलणार नाही. आणि तोपर्यंत १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर प्रत्येक मजल्यावर लावा, निदान शपथेच्या फ्लेक्सएवढ्या अक्षरांत.

हे चार मुद्दे मी गेल्या वर्षी लिहून दिले. 'यामुळे आपल्याकडे गांजा आहे असा संदेश जाईल,' असा शेरा मारून कागद परत आला. त्यानंतर आलेल्या दोन ठरावांवर मी सही केलेली नाही. एका मुलाला तर त्याच दिवशी स्वतःच्या स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं. रस्ताभर तो गप्प होता. दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला, "मॅडम, घरी सांगणार का?"

सांगितलं. पण आधी त्याला विचारून, आणि तो शेजारी बसलेला असताना.