किल्ली कुणाकडे आहे?

माझा धाकटा भाऊ आंबे काढताना झाडावरून पडला, त्याला अकरा वर्षं झाली. पाठीच्या कण्याला मार लागला. पाय गेले ते गावाला दिसलं. लघवी आपणहून होत नाही हे घराबाहेर कुणाला कळलं नाही, कारण आम्हीच कळू दिलं नाही. तो साबणाने हात धुतो, नळीला जेली लावतो आणि स्वतःचं मूत्राशय स्वतः रिकामं करतो. पाहुणे आले की आई नळ्यांचा डबा पदराआड धरून आत नेते. या लपवालपवीत मीही सामील होतो.

गेल्या वर्षात त्याला पाच वेळा लघवीचा जंतुसंसर्ग झाला. आपल्याला उन्हाळी लागली की आग होते, कुणीतरी धण्याचं पाणी देतं. त्याला आग कळतच नाही. पाय एकाएकी ताठ होऊन थरथरतात, लघवी गढूळ होते, नळी न घालताच कपडे ओले होतात, मग हुडहुडी भरून ताप. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "हात नीट धूत नाहीस का रे?"

या प्रश्नाची मला चीड येते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ सालीच मांडलं होतं की नळी शंभर टक्के निर्जंतुक असण्यापेक्षा मूत्राशय वेळेवर रिकामं होणं जास्त मोलाचं. ते तुंबलं की त्याची भिंत ताणते, तिचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना थोपवण्याची तिची ताकद जाते. म्हणून दर चार ते सहा तासांनी नळी घालायची. त्यासाठी पाणी, साबण आणि आडोसा पुरतो. तेवढंही आपण त्याला देत नाही.

तो एका सरकारी कचेरीत कारकून आहे. तिथे दिव्यांगांचं स्वच्छतागृह आहे, दारावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र आहे, आणि दाराला कुलूप आहे. मी एकदा हट्टाने ते उघडायला लावलं. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होती. ती सापडायला वीस मिनिटं गेली. आत फायलींचे गठ्ठे, मोडका कूलर, कमोडवर गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल. नळ सोडला तर नुसती हवा आली. म्हणून भाऊ सकाळी आठला घरी नळी घालतो, त्यानंतर थेट संध्याकाळी सहाला. मधे पाण्याचा घोट घेत नाही, वैशाखातसुद्धा नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याचे नियम २०१७ चे. जुन्या सार्वजनिक इमारती सोयीच्या करायची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. ते कुलूप मात्र तसंच आहे. मी याला गैरसोय म्हणत नाही. माणसाची मूत्रपिंडं हळूहळू नासवणं म्हणतो.

आणि वर गोळ्यांचा मारा. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुधा सापडतातच. ताप किंवा त्रास नसेल तर सहसा त्यांना औषध द्यायचं नसतं. पण रिपोर्टवर जंतू दिसले की चिठ्ठी तयार, आणि चिठ्ठी नसली तरी दुकानदार पाकीट पुढे करतो. अशा नळी वापरणाऱ्या ४०४ जणांवर ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर रोज प्रतिजैविक घेणाऱ्यांचे संसर्ग जवळपास निम्मे झाले, पण त्या औषधांना न जुमानणारे जंतूही त्यांच्यात वाढले. भावाच्या शेवटच्या कल्चर रिपोर्टमध्ये बहुतेक औषधांपुढे 'रेझिस्टंट' लिहिलेलं होतं. उरलं फक्त इंजेक्शन, तेही दवाखान्यात दाखल होऊन.

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि शरीराबद्दल उघड लिहिल्यापायी खटले सोसले. जवळपास शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून लघवी हा शब्द दबक्या आवाजात उच्चारतो. या लाजेची किंमत लाजणारे मोजत नाहीत, माझा भाऊ मोजतो.

किल्लीसाठी त्याने अर्ज केला होता, कारण लिहिलं 'वैयक्तिक'. खरं का नाही लिहिलंस, असं मी विचारलं. "तो कागद बारा टेबलांवरून फिरेल, दादा," तो म्हणाला. काल रात्री आम्ही नवा अर्ज लिहायला बसलो. कारणाशी येऊन तो बराच वेळ थांबला. मग त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'लघवीसाठी'.