परका गोलवीर आणि घाटावरची पोरे

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे एके काळी पोर्तुगीज हद्दीलगतचे रेल्वेस्थानक. तालुका कर्नाटकात असला, तरी घाट उतरला की गोवाच लागतो. तेव्हा फातोर्ड्याच्या फुटबॉलकडे कान लावून बसणारे रसिक घाटाच्या दोन्ही अंगांना असावेत, यात नवल ते काय?

अशा रसिकांना 2017 ते 2020 या तीन मोसमांत वेड लावले ते फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरो या स्पॅनिश आघाडीवीराने. एफसी गोवाकडून इंडियन सुपर लीगच्या 57 सामन्यांत 48 गोल! पहिल्या दोन मोसमांत अनुक्रमे 18 व 16 गोल करून सर्वाधिक गोलांचा मान त्याने लागोपाठ पटकावला. 2006 मध्ये अखेरच्या क्षणी गोल करून एस्पान्योलची पदावनती टाळणारा हा वीर गोव्यात आला, तेव्हा चौतीस वर्षांचा होता. आता तो निवृत्त झाला आहे. आठवण मात्र ताजी आहे.

ही लोकप्रियता त्याने घाम गाळून मिळविली. तिच्याविषयी आम्हांला असूया नाही. परंतु गोलरक्षणात ब्रह्मानंद शंखवाळकर आणि आघाडीला ब्रुनो कुतिन्हो असे अर्जुन पुरस्काराचे मानकरी देणाऱ्या भूमीने गोल करण्याचे काम पाहुण्यांवर सोपवून नुसत्या टाळ्या पिटाव्यात, हे आम्हांला रुचत नाही. गोव्यातील क्लबांनी अनमोडचा घाट चढून जोयड्यातील शाळकरी मुलांची एखादी निवड चाचणी घ्यावी. खर्च तो कितीसा? एका परदेशी खेळाडूच्या मानधनापुढे नगण्यच.