ओघळ बुजतो उन्हाळ्यात, बांध फुटतो सप्टेंबरात

केगाव, मुळेगाव, कुंभारी या सोलापूर शहरालगतच्या पट्ट्यातून आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: शेजारी प्लॉटिंग पडले आणि आमची बांधबंदिस्ती वाया गेली.

सोलापूरचे कोरडवाहू संशोधन केंद्र 1933 पासून सांगत आले, पाणी जिथल्या तिथे मुरवा. मालदांडी ज्वारी घेणाऱ्यांनी ऐकले, सारे पाडले, बांध घातले, जादा पाण्याला सांडवा ठेवला. आता सांडव्यापुढच्या ओघळावरच मुरमाचा रस्ता आला आहे आणि त्याखाली साधी नळीसुद्धा टाकलेली नाही. पाणी रस्त्याला थडकून मागे तुंबते, भिजलेला बांध सांडव्याजवळ खचतो आणि वर्षानुवर्षे राखलेली माती एका रात्रीत जाते.

मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतात. मात्र दावा सहा महिन्यांत हवा, आणि मुदत धरतात ती अडथळा घातल्यापासून. रस्ता पडतो फेब्रुवारीत, आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. शेतकरी फुटलेल्या बांधाचा पंचनामा घेऊन जातो तेव्हा मुदत उलटून गेलेली असते! त्यात समोरचा मंजूर लेआउटचा कागद दाखवतो. मंजुरी देणाऱ्याने जागेवर जाऊन ओघळ पाहिला होता का? नकाशात नाही म्हणून ओघळ नाहीच, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. मुदत नुकसानीच्या दिवसापासून धरावी, अशी दुरुस्ती सरकारने केलीच पाहिजे.

पण आपल्यातही "आज ना उद्या इथं प्लॉटच पडायचे" म्हणत बांधाला खोरे न लावणारे आहेत. प्लॉटवरच्या वस्तीला खेटून पाचट पेटवणारे तर निव्वळ बेजबाबदार. धुराबद्दल वस्तीची तक्रार रास्तच आहे. पाचटाची कुट्टी करून सरीत टाका. शिवाय ओघळाचा प्रश्न वस्तीचाही आहे: तुंबलेले पाणी त्यांच्याही घरांत शिरते. ओघळ मोकळा करण्याच्या अर्जावर त्यांच्या सह्या हव्यात, तर आधी त्यांचा त्रास थांबवा.

पावसाची वाट पाहू नका. नुकसान होण्याचा नुसता संभव असला तरी कलम 5 खालचा दावा चालतो. मुरमाची पहिली गाडी रिकामी होताच फोटो काढा, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि मुदतीत तहसीलमध्ये दावा दाखल करा. अर्जाची एक प्रत आमच्याकडे पाठवा. सगळ्या प्रती एकत्र करून आम्ही जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहोत.