काटकसर कोणाची, थाट कोणाचा?

आमच्या घरात दूध अर्धा लिटर यायचे. माणसे पाच आणि चहा तीन वेळा. अम्मी दुधात पाणी घालायची आणि वर सांगायची की पातळ चहा तब्येतीला चांगला. अब्बा रिक्षा चालवायचे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यातही बाहेर उसाच्या रसाचा एक ग्लास घेत नसत. आपा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला बी.एस्सी. करायचे होते, पण कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. फी आणि बसभाडे यांचा हिशेब अब्बांनी दोनदा मांडला आणि म्हणाले, "बेटा, जमणार नाही."

दोन वर्षांनी आपाचे लग्न झाले. शादीखान्यात सहाशे माणसे जेवली. बिर्याणी, दालचा, दोन प्रकारचे गोड. शिवाय पलंग, कपाट, फ्रीज आणि मोटारसायकल. तीन वर्षांच्या कॉलेजसाठी जो पैसा जमत नव्हता, तो एका संध्याकाळीसाठी जमला. निम्मा अम्मीच्या भिशीतून, निम्मा कर्जातून. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, वाढप्यांबरोबर ताटे उचलत होतो आणि मला अभिमान वाटत होता. आज त्या अभिमानाची शरम वाटते. म्हणूनच हे लिहितो आहे.

जुम्याच्या बयानात आपल्याला सादगीचा उपदेश नेहमी ऐकायला मिळतो. फोनवर रील पाहा, तिथेही कमी खर्चात कसे जगावे याचे धडे असतात. पण हा उपदेश ऐकतो कोण? जी बाई फॉल-पिको करून दिवसाला शंभर रुपये बाजूला टाकते, तिला काटकसर शिकवायची गरज आहे का? आपल्या मोहल्ल्यांत रोजची काटकसर भरपूर आहे. ती बाईच्या ताटातली आहे, मुलीच्या फीमधली आहे, म्हाताऱ्याच्या औषधातली आहे. उधळपट्टी होते ती वर्षातून एखाद्या दिवशी, पण त्या एका दिवसात सगळे वाहून जाते.

साधा हिशेब करा. सहाशे माणसे, ताट चारशे रुपयांचे, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये. रोज शंभर रुपये वाचवणारे घर वर्षाला ३६,५०० रुपये वाचवते. म्हणजे नुसत्या जेवणावर साडेसहा वर्षांची बचत गेली. हॉल, मंडप, कपडे, फर्निचर, गाडी, सोने यांचा हिशेब अजून मांडलेलाच नाही. आणि घरात दोन मुली असतील तर?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुसलमान गरीब आहेत ते लग्नात उधळतात म्हणून, असे माझे म्हणणे नाही. गरिबांनाच गरिबीचा दोष देण्याची ही जुनी युक्ती आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जाचे कागद जाळले. तेव्हाही सांगितले जात होते की कुणबी लग्नात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो. पुढे सरकारनेच नेमलेल्या आयोगाने चौकशी केली आणि लग्नखर्चाच्या कारणावर वाजवीपेक्षा जास्त भर दिला जातो, असे नोंदवले. आपल्याबाबतीत २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने शिक्षण, नोकऱ्या आणि बँकेचे कर्ज या तिन्ही ठिकाणी आपण किती मागे आहोत ते आकडेवारीने दाखवले. ती जबाबदारी सरकारची आहे आणि ती मागत राहिलीच पाहिजे.

पण म्हणूनच तर हा प्रश्न जास्त गंभीर होतो. ज्याला बँक सहजासहजी दारात उभे करत नाही, त्याच्याकडे वर चढायला एकच शिडी असते: घरात साठवलेला पैसा. मुलीचे शिक्षण, मुलाचे छोटे दुकान, शिलाईची दुसरी मशीन, आजारपणासाठीचा आधार, सगळे त्यातूनच व्हायचे. ती शिडी आपण स्वतःच्या हाताने तोडतो आणि तिचे लाकूड बिर्याणीच्या देगीखाली घालतो.

बरे, पैसा आणतो कुठून? बचतगटाचे कर्ज, सोनेतारण, ओळखीचा सावकार, आणि हल्ली फोनवरचे कर्जाचे अ‍ॅप. व्याज हराम आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत. तरीही निकाहसारख्या इबादतीचा खर्च आपण व्याजाच्या पैशाने भागवतो आणि मग दुल्हा-दुल्हनच्या आयुष्यात बरकत यावी म्हणून हात उचलून दुआ मागतो. उत्तर भारतात काही ठिकाणी काझींनी जाहीर केले की डीजे वाजला तर निकाह पढवणार नाही. चांगले आहे. पण ‘जोडे की रकम’ घेतली का, हे निकाह पढवण्याआधी विचारणारे किती जण आहेत? बाहेरचा आवाज ऐकू येतो, आतला व्यवहार ऐकू येत नाही.

जहेजच्या समर्थनार्थ हमखास हजरत फातिमा यांचे नाव घेतले जाते. तेच लोक अर्धी गोष्ट सांगतात. रिवायतींत असे येते की हजरत अलींनी आपले चिलखत विकून मेहेर दिला आणि संसाराच्या मोजक्या वस्तू त्या पैशातून आल्या. म्हणजे खर्च नवऱ्याकडून झाला, मुलीच्या बापाकडून नाही. शरीयतमध्ये मेहेर हा बायकोचा हक्क आहे. जहेज हा नवऱ्याचा हक्क कुठेच नाही. आपण मात्र उलटे करून ठेवले आहे. मेहेर कागदावर लिहून ‘उधार’ ठेवायचा आणि मोटारसायकल मात्र रोखीने घ्यायची. कुरआनने कंजुषी आणि उधळपट्टी दोन्ही नाकारून मधला रस्ता सांगितला. आपण दोन्ही टोके धरून बसलो आहोत: मुलीच्या फीसाठी कंजूष, तिच्या लग्नासाठी उधळे.

आणखी एक गैरसमज आहे. हुंड्याचा कायदा आपल्याला लागू नाही, असे पुष्कळ जण बिनधास्त सांगतात. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा मुसलमानांनाही लागू आहे. त्यात फक्त मेहेरला हुंड्यातून वगळले आहे, जहेजला नाही. हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा आहे आणि त्यासाठी किमान पाच वर्षांची कैद सांगितली आहे. मागणी न करता दिलेल्या भेटवस्तू चालतात, पण त्यांची यादी करावी लागते. "आम्ही काही मागितले नाही, त्यांनी खुशीने दिले" असे म्हणणाऱ्यांना विचारा, यादी कुठे आहे? आणि मुलीच्या बापाने खुशीने काहीच दिले नसते, तर तुम्ही तेवढेच खूश राहिला असता का?

"लग्न एकदाच होते" हेही नेहमीचे. मुलगी एकदाच लग्न करते, पण अठरा-वीस वर्षांचे तिचे शिकण्याचे वयही एकदाच येते. ते कोणी मोजत नाही. "लोक काय म्हणतील" हे त्याहून नेहमीचे. लोक जेवून हात धुतात आणि रिक्षात बसेपर्यंत मीठ जास्त होते असे म्हणतात. कर्जाचा हप्ता भरायला त्यांतला एकही येत नाही.

समाजातल्या पैसेवाल्यांनाही दोन शब्द. तुम्हाला परवडते, कर्ज काढावे लागत नाही, तुमचा पैसा तुमचा. मान्य. पण तुमची हौस गरिबाचा भाव ठरवते. तुमच्या मुलाच्या लग्नात पाच पदार्थ झाले की पुढच्या गल्लीत तीन पदार्थ करणाऱ्या बापाची मान खाली जाते. २०२१ साली ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने साध्या निकाहची मोहीम हाती घेतली होती. अशा मोहिमा पत्रकावर राहतात, कारण मंचावर बसलेल्यांच्याच घरच्या लग्नांत सादगी दिसत नाही. याच महाराष्ट्रात महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय, कमी खर्चात लग्ने लावून दाखवली. आधी करून दाखवले म्हणून लोकांनी ऐकले.

आता सरळ तुमच्याशी, विशेषतः लग्नाच्या वयातल्या मुलांशी. घरी काय चालले आहे हे तुम्हाला माहीत असते. रक्कम ठरते त्या बैठकीच्या शेजारच्या खोलीत तुम्ही फोन पाहत बसलेले असता आणि नंतर म्हणता, "घरच्यांनी ठरवले, मी काय करू?" नोकरी, फोन, गाडीचा रंग तुम्ही ठरवता. मग याच एका बाबतीत तुम्ही इतके आज्ञाधारक कसे होता? ही आज्ञाधारकता नाही, हा फायदा आहे.

करायच्या गोष्टी फार नाहीत. मंगनीच्या आधी, चार माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगा की रक्कम नको, सामान नको, मुलीकडचे जेवण नको. निकाह मशिदीत करा. वलीमा तुमच्या कमाईतून, कर्ज न काढता होईल तेवढाच ठेवा. शंभर माणसांचा होत असेल तर शंभरचा. मेहेर त्याच दिवशी तिच्या हातात किंवा तिच्या बँक खात्यात द्या. आणि मित्राच्या लग्नात रक्कम घेतली गेली असेल, तर निकाहला जा, दुआ करा, पण त्या दस्तरखानावर बसू नका. दहा मित्र उठून गेले तर अकराव्या बापाला धीर येईल.

मुलींनो, तुम्हीही बोला. हॉलऐवजी फी मागणे म्हणजे हट्ट नव्हे. तो तुमच्याच नावाने साठवलेला पैसा आहे.

अब्बांना ते कर्ज फेडायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत घरात दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आले. आपाची मुलगी आता नववीत आहे. आपाने तिच्या नावाने भिशी लावली, तेव्हा एका नातेवाईकाने कौतुकाने विचारले, "शादीसाठी ना?" आपा म्हणाली, "नाही. कॉलेजसाठी. शादी ज्याला करायची आहे तो स्वतःच्या खर्चाने येईल."