टायपिंगची चूक त्यांची, हेलपाटे आपले

मंडळी, हस्तलिखित सातबारा संगणकात गेला तेव्हा नुसतं टायपिंग झालं नाही, वहीचा साचाच बदलला. तलाठ्याच्या वहीत कमी झालेल्या नावाला कंस असायचा, समासात टीप असायची. संगणकाला प्रत्येक गोष्टीसाठी ठरलेला रकाना लागतो. एक कंस राहिला, की जमीन विकून गेलेला माणूस पुन्हा मालक दिसतो. एक आकडा इकडचा तिकडं झाला, की खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळत नाही.

शासनाला हे माहीत होतं. म्हणूनच २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, री-एडिटची सोय आली आणि २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. बरंच काम झालं, ते मान्यच. पण राहिलेल्या चुकांचं काय?

सॉफ्टवेअरवाली पोरं डेटा नव्या साच्यात नेण्याआधी बॅकअप घेतात, नकलेवर चाचणी करतात, नेल्यावर दोन्हीकडच्या बेरजा जुळवतात. काही अडकलं तर अर्धवट न ठेवता पूर्ण मागं येतात. आपल्याकडं मात्र चूक शोधायचं काम शेतकऱ्यावर! अर्ज त्यानंच करायचा, जुना उतारा त्यानंच काढायचा, परंडा असो की उमरगा, तहसीलला चकराही त्यानंच मारायच्या. रोजगार बुडतो तो वेगळाच.

कुणी म्हणेल, परस्पर दुरुस्ती सुरू झाली तर घोटाळे होतील. खरंय. पण जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ मध्ये त्याची सोय आहे. तपासणीत अधिकाऱ्याला चूक दिसली तर संबंधितांना नोटीस देऊन, हरकती निकाली काढून ती दुरुस्त करता येते. म्हणजे शेतकऱ्याच्या अर्जाची वाट बघायलाच हवी असं नाही.

आता शेतकरी ओळख क्रमांक याच नोंदींना जोडला जातोय. सातबाऱ्यावरची चूक पुढं अनुदानात, पीक विम्यातही उतरणार.

म्हणून मागणी साधी आहे. जुन्या स्कॅन केलेल्या उताऱ्यांशी ताळा करून न जुळणाऱ्या गटांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. गावातच शिबिर घ्या, नोटिसा काढा, दुरुस्तीची तारीख लेखी द्या.

तोवर आपणही एक करू. घरातला जुना हस्तलिखित उतारा जपून ठेवा आणि आजच्या ऑनलाइन उताऱ्याशी ओळीनं ओळ ताडून बघा. आपल्याकडचा बॅकअप तोच आहे.