नाहीसे झाले म्हणे!

आई-बाबा डोंबिवलीहून आले होते तेव्हा एका लाँग वीकेंडला त्यांना कोलोरॅडोतलं मेसा व्हर्डे दाखवायला नेलं. कड्याच्या कपारीत बांधलेलं क्लिफ पॅलेस नावाचं अख्खं गाव, जवळपास दीडशे खोल्यांचं. शिड्या चढताना बाबांना धाप लागली, पण तक्रार नाही. आई एका खोलगट झिजलेल्या दगडापाशी थबकली. "अरे, हा तर पाटा!" मका वाटायचा दगड होता तो.

आणि जाण्याआधी मी तिला काय ऐकवलं होतं? "इथली माणसं गूढरीत्या नाहीशी झाली." टीव्हीवर पाहिलेलं, मित्रांना फेकलेलं, तेच. चूक माझी, पण एकट्याची नाही. ही थाप सगळेच मारतात.

कसलं गूढ? झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून 1276 ते 1299 हा दुष्काळ कळलेला आहे. पिकं गेली, भांडणं वाढली, लोक दक्षिणेकडे निघाले. 1300 पर्यंत गावं रिकामी. त्यांचे वंशज होपी, झुनी, आकोमा... आजही ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत आहेत. मका पेरतात, सण करतात.

माझे आजोबा कोकणातलं घर सोडून मुंबईच्या गिरणीत आले. घराला कुलूप आहे, मागची भिंत पडलीय. उद्या कुणी तिथे 'एका लुप्त संस्कृतीचे अवशेष' अशी पाटी लावली तर? पोट भरायला गाव सोडणं म्हणजे नाहीसं होणं असेल, तर हे वाचणारे आपण अर्धेअधिक नाहीसेच झालोत!

कुणी म्हणेल, शब्दाने काय फरक पडतो? पडतो. नाहीशा झालेल्यांच्या वस्तूंना मालक नसतो. 1891 साली नॉर्डेनशल्ड नावाच्या स्वीडिश तरुणाने इथे खोदकाम करून खोकी भरली. त्याला अटकही झाली, पण अडवणारा कायदाच नव्हता, म्हणून सुटला. भांडी, हत्यारं, माणसांची हाडंसुद्धा गेली, आणि शेवटी फिनलंडच्या म्युझियममध्ये पडून राहिली. एखाद्याची आजी काचेच्या कपाटात, आणि आपण म्हणायचं, काय गूढ आहे नाही?

शेवटी 2020 साली साधारण 20 जणांचे अवशेष परत आले. वंशजांनी ते मेसा व्हर्डेतच पुन्हा पुरले.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'नाहीसे झाले' म्हणालं, तर एवढंच विचारा: मग ती हाडं पुरली कुणी?