रुळांवरचे नाणे

घरातील एचओ आकाराची छोटी रेल्वे १२ ते १५ व्होल्टवर धावते. रुळांना हात लागला तरी झटका बसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु येथे भय झटक्याचे नसून उष्णतेचे आहे. डबा घसरला की धातूचे चाक दोन्ही रूळ जोडते व शॉर्ट सर्किट होते. डिजिटल प्रणालीत १५ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे ७५ वॉटपर्यंत उष्णता निर्माण होऊन प्लॅस्टिक वितळू शकते.

अशा वेळी ब्रेकर पडेलच, असे नाही. तार लांब व बारीक असल्यास तिच्या रोधामुळे प्रवाह ब्रेकरच्या मर्यादेखाली राहतो आणि तार मुकाट्याने तापत जाते. म्हणून टेबलाखाली मुख्य तार जाड असावी, तिच्यापासून रुळांपर्यंतच्या जोडतारा आखूड असाव्यात आणि प्रत्येक विभागास स्वतंत्र ब्रेकर असावा.

मग गाडी उचलून, ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर १० रुपयांचे नाणे आडवे ठेवावे. ब्रेकर तत्काळ पडला, तर काम चोख. न पडल्यास नाणे लगेच काढून पुरवठा बंद करावा आणि तेथील तार व सांधे तपासावेत. मुलांच्या हाती गाडी त्यानंतरच द्यावी.

पेढीवर आपण नाणे पारखतो. येथे नाणेच आपले काम पारखते.